कुंभार्ली घाटात थांबलेल्या माणसांचे आभार

चिपळूणहून कऱ्हाडला येताना कुंभार्ली घाटाच्या चढाला आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. गाडीत म्हातारी आई आणि लहान मुलं. त्या दुपारी मदतीला धावून आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

ट्रकवाले दादा, तुम्ही उतरल्या उतरल्या सगळ्यांना बॉनेटपासून लांब केलंत. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही; गरम असताना झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. इंजिन निवेपर्यंत तुम्ही स्वतःचा माल खोळंबवून थांबलात. मग झाकणावर ओलं फडकं टाकून ते जरासं सैल केलंत आणि फुसफुस पूर्ण थांबल्यावरच काढलंत. वरच्या होज पाइपला क्लिपपाशी चीर गेली होती. तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा बसवलात, क्लिप आवळून दिलीत. टपरीवरच्या मावशी, तुमच्या कळशीभर पाण्यावर आम्ही घाट चढलो.

आणि पाटणचे गॅरेजवाले काका! कित्येक महिने टाकीतल्या कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी उतरत होती आणि सर्व्हिसला दिली की वरून कुलंट भरून गाडी परत मिळायची. तुम्ही बॅटरी घेऊन खाली शिरलात आणि वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून आलेला, वाळून पांढुरका झालेला ओघळ दाखवलात.

पंप बदलला. पातळी आता जागच्या जागी आहे.