गोव्याचा दाखला देण्याआधी

मा. संपादक, स.न.वि.वि.

समान नागरी कायद्यावरचा कालचा अग्रलेख वाचला. 'गोव्यात चालते, मग देशात का नको?' हा आपला सवाल. लिहिणाऱ्याने गोव्यात घर विकून पाहिलेले दिसत नाही. मी पाहिले आहे.

माझी सासुरवाडी फोंड्याची, लग्नही तिथेच लागलेले. सासूबाई गेल्यावर घर विकायचे ठरले. मागची भिंत बसलेली, परसात दोन माड. भावंडे चार, पण सह्या आठ! प्रत्येकाचा नवरा नाहीतर बायको हजर हवी. मी वकिलांना म्हटले, घर हिच्या आईचे, यात माझा काय संबंध? ते म्हणाले, "१८६७ चा पोर्तुगीज कायदा आहे, लग्न झाले की निम्मे तुमचे." धाकट्या साडूंना रजा मिळाली नाही म्हणून कोकणकन्येने दोन खेपा झाल्या. मी घरी येऊन चिडचिड केली, तर सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली, "ठाण्यातली चरईची खोली विकलीत तेव्हा माझी सही कुणी मागितली होती?"

यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.

तेव्हा तो कायदा वाईट, असे मी म्हणणार नाही. तिथे मृत्युपत्र करून पोटच्या मुलांना सरसकट डावलताही येत नाही, निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते. पण 'सर्वांना एकच'? चर्चमध्ये लागलेल्या लग्नांचे नियम तिथे वेगळे आहेत. हिंदूंसाठी १८८० चे फर्मान आहे. ठरावीक वयापर्यंत मूल झाले नाही तर दुसरी बायको करण्याची त्यातली मुभा कागदावर उरलेली आहे. अग्रलेखात यातले अक्षर नाही. समान नागरी कायदा केला म्हणून उत्तराखंडची पाठ थोपटताना तिथल्या कायद्यातून अनुसूचित जमाती वगळल्यात, हेही आपण सोयीने विसरलात. नागालँडच्या रूढींना संसदेच्या कायद्यांपासून संरक्षण देणारे घटनेतले कलम ३७१ (अ) राहू द्या, ते लांबचे. येऊरच्या पाड्यावरून आमच्या दारात रानभाज्या आणणाऱ्या वारली बाईंनाही, त्या अनुसूचित जमातीच्या म्हणून, १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू नाही. उपवनपर्यंत रिक्षा मिळते, कुणाला तरी पाठवून विचारावे.

आणखी एक. तीन रविवार पुरवणी आलेली नाही. पेपरवाला आपल्याकडे बोट दाखवतो आणि आपल्याकडे फोन केला की पेपरवाल्याला विचारा म्हणतात. शब्दकोडे त्यातच असते, आणि त्यावरून घरी मलाच ऐकावे लागते.

– एक जुना वाचक, नौपाडा, ठाणे (प.)