मोलोकाईचे कडे आणि त्याखालची माणसं

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत समुद्रकड्यांचे फोटो आलेत, त्यात हवाईतल्या मोलोकाई बेटाचाही आहे, फोटो एक नंबर पण खाली नुसतं "निसर्गाचा चमत्कार" एवढंच लिहिलंय ते मनाला लागलं.

हे कडे जवळपास १००० मीटर उंच आहेत, आणि ते फक्त लाटांनी कोरलेले नाहीत, साधारण १५ लाख वर्षांपूर्वी तिथल्या ज्वालामुखीची उत्तरेकडची अख्खी बाजू ढासळून समुद्रात गेली, मागे राहिली ती ही भिंत. फोटो झूम करून बघा, लाव्हाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. बऱ्याच काळाने पायथ्याशी एक छोटा ज्वालामुखी फुटला आणि कलाउपापाची सपाट जमीन तयार झाली. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला हा कडा.

म्हणूनच तर १८६६ पासून कुष्ठरोग्यांना तिथे नेऊन सोडलं, सगळे मिळून सुमारे ८००० जण, त्यात लहान मुलंसुद्धा, आईबापापासून तोडलेली! बेल्जियमचे धर्मगुरू फादर डेमियन १८७३ मध्ये सेवेला गेले आणि त्याच रोगाने १८८९ मध्ये तिथेच वारले. औषध १९४० च्या दशकातच मिळालं होतं तरी रोग्यांना सक्तीने वेगळं ठेवायचा कायदा उठायला १९६९ उजाडलं, हे मला तरी अक्षम्य वाटतं.

पुढच्या अंकात त्या फोटोखाली या माणसांबद्दल दोन ओळी छापाच, प्लीज.

– एक नियमित वाचक