निकालाच्या तक्त्यात लढवलेल्या जागांचाही रकाना हवा

महोदय,

विधानसभेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत पक्षनिहाय तक्ता येतो: मागच्या वेळी किती जागा, या वेळी किती, फरक किती. कोणता पक्ष वाढला आणि कोणता संपला याचे मथळे त्यावरूनच ठरतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गेल्या पंचवीस वर्षांत हा तक्ता सरळ वाचणाऱ्याची अनेकदा फसगत झाली आहे. त्यात लढवलेल्या जागा आणि मतांची टक्केवारी असे आणखी दोन रकाने द्यावेत, एवढ्यासाठी हे पत्र. दोन्ही आकडे निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात तयार मिळतात.

१९७२ मध्ये याची गरज नव्हती. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या. खरी चुरस काँग्रेसच्या तिकिटासाठी, म्हणजे पक्षातल्याच गटांत असे. १९७८ मध्ये ती उघड्यावर आली. जनता पक्षाला ९९, दोन काँग्रेसना ६९ आणि ६२ जागा मिळाल्या आणि काही महिन्यांतच ‘पुलोद’चे, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचे, सरकार बसले. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेस १८६ वर गेली, तेव्हा जुनी घडी परत बसल्यासारखे वाटले. पण १९८९ मध्ये शिवसेना-भाजप युती झाली आणि १९९५ मध्ये काँग्रेस ८० वर आली. सेनेला ७३, भाजपला ६५ आणि अपक्षांना तब्बल ४५ जागा मिळाल्या. ते अपक्ष बहुतेक काँग्रेसचेच बंडखोर होते, हे विसरून १९९५ चा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

पुढच्या दोन निवडणुका शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९९९ मध्ये काँग्रेस आणि नवी राष्ट्रवादी वेगवेगळ्या लढल्या. मते अनुक्रमे २७ आणि साडेबावीस टक्क्यांच्या घरात, म्हणजे बेरीज जवळपास निम्मी. जागा ७५ आणि ५८, एकूण १३३. समोरच्या युतीला ३२ टक्क्यांच्या आसपास मते पडूनही १२५ जागा मिळाल्या. २००४ मध्ये दोन्ही काँग्रेस आघाडी करून लढल्या. मतांची बेरीज दहा टक्क्यांनी घसरून ४० वर आली आणि जागा मात्र वाढून १४० झाल्या. लोक दुरावले म्हणून मते घटली असे कोणी म्हणेल, पण कारण बरेचसे साधे आहे. १९९९ मध्ये काँग्रेसने २४९ आणि राष्ट्रवादीने २२३ जागा लढवल्या होत्या. २००४ मध्ये १५७ आणि १२४. जिथे उमेदवारच नाही तिथे मत पडणार कुठून?

हीच गंमत भाजपच्या बाबतीत उलटी दिसते. २०१४ मध्ये २६० जागा लढवून २७.८ टक्के मते आणि १२२ जागा. २०१९ मध्ये युतीत १६४ जागा लढवून २५.७ टक्के आणि १०५. ‘भाजपला फटका’ हा मथळा तेव्हा सगळीकडे होता. जिंकण्याचे प्रमाण मात्र ४७ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेले होते. २०२४ मध्ये लढवल्या १४९, जिंकल्या १३२, मते २६.८ टक्के. म्हणजे मतांचा वाटा २०१४ पेक्षा टक्काभर कमी आणि जागा दहा जास्त.

यावर एक आक्षेप रास्त आहे. युतीत लढलेल्या जागेवर मित्रपक्षाचीही मते पडतात, त्यामुळे लढवलेल्या जागांवरची टक्केवारी फुगलेली असते. ती पक्षाची स्वतःची ताकद नव्हे. निव्वळ ताकद मोजायची तर सगळे स्वबळावर लढलेली निवडणूक लागते आणि १९९० पासून तशी एकच झाली, २०१४ ची. त्या वेळी भाजप २८ च्या जवळ, शिवसेना १९, काँग्रेस १८ आणि राष्ट्रवादी १७ टक्क्यांवर होती. नंतरचे कोणतेही आकडे याच पायावर तपासावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२४ च्या निकालात तर एकाच ओळीत दोन पक्ष ठेवले तरी पुरे. काँग्रेसला १२.४ टक्के मते, १६ जागा. शिंदे यांच्या शिवसेनेला १२.४ टक्केच मते, ५७ जागा. त्याहून विचित्र राष्ट्रवादीचे: शरद पवार गटाला ११.३ टक्के आणि १० जागा, अजित पवार गटाला ९ टक्के आणि ४१ जागा. पहिल्याने ८६ जागा लढवल्या, दुसऱ्याने ५९. शिवाय फुटलेल्या दोन्ही सेनांची मते एकत्र केली तर २२ टक्क्यांवर जातात; अखंड सेनेला २०१९ मध्ये १६.४ टक्के होती. फूट पडल्याने लोकप्रियता वाढली असा निष्कर्ष कोणी काढू नये. दोघींनी मिळून लढवलेल्या जागाच खूप जास्त होत्या.

अभ्यासक ‘प्रभावी पक्षसंख्या’ काढतात, म्हणजे लहानमोठेपणा जमेस धरून खरोखर किती पक्ष आहेत याचे माप. प्रत्येक पक्षाच्या वाट्याचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची आणि एकाला त्या बेरजेने भागायचे. वाटा दशांशात घ्यावा, २५ टक्के म्हणजे ०.२५. अपक्षांना एक पक्ष समजून त्यांची मते एकत्र टाकली की उत्तर चुकते. प्रत्येक अपक्ष वेगळा धरावा. जागांवरून १९७२ चे उत्तर दीडच्या आसपास येते, १९९५ चे पाच, २०२४ चे ३.६. पण २०२४ चे मतांवरून काढले तर साडेसातच्या जवळ जाते. मतदार सात-साडेसात पक्षांत वाटला गेला आहे आणि सभागृहात साडेतीनच दिसतात. ही दरी जागावाटपाच्या बैठकांत तयार होते. कोणाला कोणती जागा सुटली, कुठे मित्रपक्षांतच ‘मैत्रीपूर्ण लढत’ झाली आणि कोणत्या बंडखोराने अर्ज मागे घेतला नाही, यावर ती ठरते. वार्तांकनात या बैठका रुसव्याफुगव्यांच्या बातम्या म्हणून येतात, याचे वाईट वाटते.

तुलना करताना आणखी दोन खड्डे आहेत. २००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली, त्यामुळे २००४ आणि २००९ चे एकाच नावाचे मतदारसंघ सरसकट जुळवू नयेत. हद्दी बदलल्या आहेत. आणि चिन्ह. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात ‘तुतारी’चा, म्हणजे शरद पवार गटाच्या नव्या चिन्हाचा, उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला आणि त्याच्याशी मिळतेजुळते ‘पिपाणी’ चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. ती सगळी चुकून पडली असे सिद्ध करता येत नाही, पण नव्या चिन्हाची पहिली निवडणूक पक्षाची घसरण म्हणून मोजताना हात आखडता घ्यावा.

तक्त्यात शेवटचा बदल छोटाच आहे. फुटलेल्या पक्षांपुढे ‘मागील जागा’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी फुटीनंतर सोबत असलेल्या आमदारांची संख्या छापली जाते. ती मतदारांनी दिलेली संख्या नाही. तिथे २०१९ चा अखंड पक्षाचा आकडा दोघांत मिळून एकदाच द्यावा, किंवा रकाना रिकामा सोडावा.

आपला,
एक वाचक