सारखी पाळी आणि पुलाचा नोड

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या ब्लूटूथ जाळ्यातल्या उपकरणांत बोलण्याचा वेळ कसा वाटायचा, यावर परवा फोनवर तू म्हणालास, "सगळ्यांना सारखी पाळी द्यायची, झालं वाटप!" घाईत मी हो म्हटलं, पण मनाला पटलं नव्हतं. रात्री कागदावर हिशेब मांडला, म्हणून हे पत्र.

क्लासिक ब्लूटूथचं एक पिकोनेट, म्हणजे उपकरणांचं छोटं जाळं घे. एक मास्टर (पाळ्या ठरवणारं उपकरण), त्याच्या ताब्यातले ७ सक्रिय स्लेव्ह, सेकंदाला ६२५ मायक्रोसेकंदांचे १६०० स्लॉट, म्हणजे वेळेचे तुकडे. मास्टरने विचारल्याशिवाय स्लेव्हला तोंड उघडता येत नाही. आता सातांपैकी एकाकडेच डेटा आहे असं धर. गप्प बसलेल्या प्रत्येकाला विचारायला एक स्लॉट, 'काही नाही' ऐकायला दुसरा. सहा जणांचे झाले १२. बोलणाऱ्याचे ६: एक विचारण्याचा, पाच त्याच्या ३३९ बाइटच्या पॅकेटचे. १८ स्लॉटच्या फेरीत कामाचे फक्त ५! मास्टर त्याच्याकडेच वळून राहिला असता तर सेकंदाला ७२३ किलोबिट मिळाले असते. सारख्या पाळीत मिळाले २४१. बरोबर एक तृतीयांश, आणि बाकीच्या सहांच्या पदरात काहीच नाही.

म्हणून गप्प राहणाऱ्याला पुन्हा विचारण्यातलं अंतर दरवेळी दुप्पट करावं. पण त्यालाही मर्यादा हवी, नाहीतर त्याला बोलायचं असेल तेव्हा कोणी विचारणारच नाही. ही काळजी मला वेगापेक्षा महत्त्वाची वाटते.

खरी अडचण पुलाच्या नोडची, म्हणजे दोन पिकोनेट जोडणाऱ्या उपकरणाची. त्याच्याकडे रेडिओ एकच, त्यामुळे एका वेळी तो एकाच बाजूला. इकडून घेतलेलं तिकडे द्यायचं, म्हणजे तोच डेटा दोनदा हवेतून जातो आणि वाहतूक निम्म्यावर येते. वर दोन्हींची घड्याळं जुळत नाहीत, म्हणून बाजू बदलताना दोन स्लॉटपर्यंत वाया. २०-२० स्लॉट दिलेस तर दहावा हिस्सा येण्याजाण्यातच जातो. मुक्काम लांबवलास तर नुकसान घटतं, पण पलीकडची पॅकेट तोवर ताटकळतात. वाटपाची सुरुवात इथूनच कर: आधी पुलाचा वेळ, मग इतरांचा. कमी मागणाऱ्याची गरज पुरी कर, उरलेलं बाकीच्यांत सारखं वाट.

तुझ्या आराखड्यात पुलाचा नोड तीन पिकोनेटमध्ये आहे आणि एकाचा मास्टरही तोच. तो दुसरीकडे गेला की त्याचं सगळं पिकोनेट मुकं होतं रे! त्याला बाकीच्या दोन्हीकडे स्लेव्हच ठेव, तिसरं पिकोनेट दुसऱ्या नोडकडे दे. बदललेला आराखडा धाड, आला की लगेच बघतो.

तुझाच,
जुना मित्र