काठी ओली किती झाली ते बघ

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू माझ्याशी न बोलताच गाडीत बसलीस. चूक माझी. निघायच्या वेळी त्या तळ्याचा विषय काढायला नको होता. या पत्रातही काढणार नव्हते.

पण एवढंच सांगते. पाणी दिसतं त्याहून खोल असतं. तळाकडून येणारा प्रकाश पाण्यातून हवेत शिरताना वाकतो, आणि डोळा मात्र किरण सरळ आला असंच धरून चालतो, म्हणून तळ वर उचललेला दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, १.३३. अगदी वरून पाहिलं तरी २ मीटर पाणी दीड मीटरच वाटतं. काठावरून तिरकं पाहिलं तर आणखी उथळ. दीड मीटर म्हणजे तुझ्या हनुवटीशी. २ मीटर म्हणजे डोक्यावरून.

लहानपणी बादलीतलं नाणं उचलायला जायचीस आणि मूठ वरच मिटायचीस. रिकामी मूठ उघडून माझ्याकडे बघायचीस. मी हसायचे. आता तेच आठवून झोप लागत नाही. आबामामानेही काठावरूनच अंदाज केला होता. असो.

भौतिकशास्त्र शिकायला गेलेल्या मुलीला मी हे शिकवतेय, रागावू नकोस. तुझ्या प्रवेशाचं पत्र मी दिवसातून दोनदा काढून वाचते.

भांडणाच्या रात्री तू दार ओढून घेतलंस, तरी फट राहिली होती. दिव्याची पट्टी जमिनीवर सरळ, रेखीव पडली होती. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्मी, एवढ्या फटीतून तो कसला वळतोय! आवाजाची तरंगलांबी मीटरभर. तो फटीतून निघाला की चहूकडे पसरतो. मी भिंतीआड होते, मला तू दिसत नव्हतीस, पण तुझं रडणं विवर्तन होऊन, म्हणजे फटीशी वळून पसरत, माझ्यापर्यंत आलं. तेव्हाच आत यायला हवं होतं. नाही आले. माफ कर.

पोहायला जा, मी अडवत नाही. फक्त उतरण्याआधी पाण्यात काठी घाल. ती मोडल्यासारखी दिसेल, तिकडे बघू नकोस. बाहेर काढून ओली किती झाली ते बघ. आणि सूर मारू नकोस. बघ, पुन्हा तेच.

परत खोलीवर आलीस की फोन लाव. बोलायचं नसेल तर नुसता लाव.

तुझी,
आई