इम्पल्स घेण्याआधी: बाबांना पत्र, चार ओळी आईलाही

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेले जुन्या हिरो इम्पल्स मोटरसायकलचे फोटो पाहिले. सड्यावरच्या (कातळमाळावरच्या) कलमांपर्यंत जायला स्कूटर पुरत नाही हे मलाही पटतं. गाडीची निवड चुकलेली नाही. पण तुम्ही इंजिनाच्या आवाजाबद्दल तीनदा लिहिलंत आणि मला काळजी नेमकी इंजिन सोडून बाकीच्या सगळ्याची आहे.

हिरोने इम्पल्स 2011 मध्ये आणली आणि काही वर्षांतच बंद केली. तिचं 149 सीसीचं इंजिन हिरोच्याच सीबीझी एक्स्ट्रीम आणि हंक या बाइकांच्या घराण्यातलं, त्यामुळे रिंग-पिस्टन, क्लच प्लेट, टायमिंग चेन आजही तालुक्याच्या गावी मिळते आणि कुठल्याही मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो. टाकी, सीट, प्लॅस्टिक, पुढचे लांब फोर्क, मागचा मोनोशॉक (एकच मधला शॉक), सायलेंसर हे मात्र फक्त तिचंच. ते गेलं की भंगारात शोधत फिरायचं. म्हणून पाहणीचा क्रम उलटा ठेवा: आधी हे न मिळणारे भाग, मग इंजिन.

फोर्कपासून सुरू करा. वरची चकचकीत नळी फडक्याने पुसा, पुढचा ब्रेक धरून हँडल पाच-सहा वेळा जोरात दाबा. नळीवर तेलाचं कडं उमटलं तर ऑइल सील गेलंय. ते किरकोळ काम. पण नळीवर नख फिरवून बघा. खाऱ्या हवेने क्रोम उडून खड्डे पडले असतील तर नवं सील घातलं तरी महिन्याभरात फाटतं, आणि तिथे मी व्यवहार सोडून देईन. मग कोणाला तरी मागचा भाग दाबून पुढचं चाक अधांतरी धरायला सांगा आणि हँडल हळू फिरवा. मधोमध खटकन अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या दांड्याची बेअरिंग, संपलाय. मागचं चाक आडवं हलवून पाहा. खुळखुळ आली तर ती बेअरिंगची आहे की स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशची, ते हात लावून ओळखता येतं. मोनोशॉकच्या दांड्यावर तेल आणि त्यावर चिकटलेली माती असेल तर तो संपलेला समजा.

मग खाली बसून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पाहा. साइड स्टँड जिथे जोडलाय ती वेल्डिंग, पायदानांचे ब्रॅकेट आणि कॅरिअर लावला असेल तर सीटखालची नळी. इथे नवा रंग दिसला तर तो का लावला ते विचारा. टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. तळाशी तांबूस गंज असेल तर कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ केला तरी पुन्हा तुंबणार.

आता तुमचं लाडकं इंजिन. मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावा, गार हवं. चोक ओढून सुरू करा. सुरू होताना एकदाच निळसर धूर आला तर व्हॉल्व्हची सीलं. ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा येत राहिला तर रिंगा. काळा धूर म्हणजे तुंबलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेला कार्ब्युरेटर, घाबरायचं कारण नाही. गरम झाल्यावर बारीक टिकटिक चालेल, पण सिलिंडरच्या बाजूने साखळी खरखरल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेनचे पैसे भावातून कमी करा. किक हातानेच हळू दाबा. मध्ये घट्ट अडली पाहिजे. सरळ खाली गेली तर कॉम्प्रेशन नाही.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी छान असली तरी सहा-सात वर्षांचं रबर ओल्या जांभ्या दगडावर साबणासारखं चालतं, बदलाच. पुढचा टायर 90/90-19 मापाचा, रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक 350 ला लागतो तोच, म्हणून बुलेटवाल्यांकडे मिळेल. तारांची चाकं आहेत, आत ट्यूब असते. पुढची 19 इंची ट्यूब एक घरात आणून ठेवा, कारण आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ती नसणार.

कागद. 2012 ची नोंदणी असेल तर 2027 ला पंधरा वर्षं भरतात. मग तपासणी, पर्यावरण कर आणि पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून कर्जाची नोंद आहे का पाहा. असेल तर फॉर्म 35 (कर्जाची नोंद काढण्याचा) आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही तुमच्यासमोर. चासी नंबर डोळ्यांनी ताडून पाहा. 2019 च्या एप्रिलआधीची गाडी आहे, म्हणजे नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी लावलेली हवी. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला द्या. आणि तुमचं स्वतःचं लायसन्स एकदा काढून बघा, पंचावन्ननंतर ते पाचच वर्षांचं मिळतं.

गाडीच्या किमतीखेरीज दहा-बारा हजार बाजूला ठेवा, टायर, चेन-स्प्रॉकेट किट, केबल आणि सील यांसाठी. तेवढे नसतील तर भाव तेवढ्याने खाली आणा.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी ऑइल बदला, 10डब्ल्यू-30, लिटरभर लागतं. बाइकचंच घ्या, मोटारीच्या ऑइलने क्लच घसरतो, कारण इथे क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. जुन्या पेट्रोल नळ्या काढून नव्या घाला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि पाणी ओढून घेतं. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. चेन ताणून घट्ट करायची सवय सोडा. या गाडीचं मागचं चाक खूप वर-खाली होतं आणि खाली दबताना चेन आणखी ताणली जाते. तुम्ही बसलेले असताना मध्यावर अडीच-तीन सेंटीमीटर ढिली राहू द्या.

सीट जमिनीपासून 840 मिलिमीटर आहे. तुम्ही बसल्यावर तीनेक सेंटीमीटर दबेल, तरी टाचा टेकणार नाहीत. सीटचा फोम दोन सेंटीमीटर कापून घेता येतो. फोर्क आणि शॉकशी खेळू नका. चढताना अंगणातल्या चिऱ्याशेजारी (दगडी ठोकळ्याशेजारी) गाडी लावा आणि त्यावर उभं राहून पाय टाका. गुडघ्याची तक्रार तुम्ही मान्य करत नाही, म्हणून चिरा सुचवते.

सड्याच्या वाटेवर मातीत उभं राहून चालवा: गुडघे टाकीला, कोपरं सैल, नजर चाकापुढे दहा-पंधरा फुटांवर. उतारावर पहिला-दुसरा गिअर, क्लच सोडलेला, पुढचा ब्रेक दोन बोटांनी. सुट्या जांभ्याच्या खड्यांवर पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळ मिळत नाही. पावसाळ्यात काळपट शेवाळलेला कातळ दिसला तर उतरून ढकला, लाज वाटायला तिथे कोणी नसतं. चिखलात हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा, त्याखाली नको, दगडावर ट्यूब रिमात चिमटते. पऱ्ह्या (ओढा) आधी चालत ओलांडून बघा. चाकाच्या आसापर्यंत पाणी चालेल. मधेच बंद पडली तर सेल्फ मारू नका. बाहेर ओढा, प्लग काढा, मगच किक मारा.

134 किलोची गाडी पडली तर पाठ वाकवून उचलायची नाही. इंजिन बंद, गिअरमध्ये, उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर, मग गाडीकडे पाठ करून मांड्यांच्या जोरावर मागे मागे चालायचं. एकट्याने जमत नसेल तर बसून राहा आणि फोन करा.

आई, मागची सीट याहून उंच आहे. साडी नेसून एका बाजूला बसायची ही गाडी नव्हे. खडबडीत उतारावर तुझं वजन एकीकडे गेलं की बाबांना तोल धरता येणार नाही. तू बागेत जायचंस तेव्हा रिक्षाच. बाबा निघताना हेल्मेटचा पट्टा लावलाय का एवढं बघ, नुसतं डोक्यावर ठेवतात ते.

रविवारी गाडी बघायला जाल तेव्हा फडकं, टॉर्च आणि हवा मोजायचं मीटर सोबत घ्या. फोर्कच्या नळ्यांचा जवळून काढलेला फोटो मला तिथूनच पाठवा, पैसे काढायच्या आधी.

तुमची,
लेक