खोक्यातला सज्जनगड

सातारा,
दिवाळीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय गड्या,

परवा व्हिडिओ कॉलवर तू माझ्याशी कमी आणि माझ्या मागच्या फळीशी जास्त बोलत होतास. "ते काय पेटलंय मागं?" असं तीनदा विचारलंस. फोनवर सांगून कळण्यासारखं नव्हतं म्हणून मी टाळलं. ते कागद कोरून केलेलं दिव्याचं खोकं. आता त्याचाच धाकटा भाऊ या पार्सलात घातलाय आणि वर हे पत्र. आधी पत्र वाच, मग खोकं उघड. तू उलटंच करणार, ते सोड.

सुरुवात आकाशकंदिलानं झाली. आपण लहानपणी कामट्या तासून, खळ शिजवून कंदील करायचो, तसाच गेल्या वर्षी पोरीबरोबर केला. पांढरा घोटीव कागद आणला. चिकटवताना तिच्या कडा जुळल्या नाहीत, बोटभर कागद एकावर एक आला. रात्री आत दिवा लावला तर त्या जोडाची पट्टी चांगली काळपट दिसायला लागली. पोरगी हिरमुसली. मी मात्र बघतच राहिलो. रंग नाही, शाई नाही. कागद एकेरी तिथं उजेड, दुहेरी तिथं सावली. मग तिहेरी केला तर? जेवण झाल्यावर मी कागदाच्या पट्ट्या ट्यूबलाइटसमोर धरून बसलो, आणि बायको काही न विचारता झोपायला गेली.

सगळा खेळ एवढाच आहे. खोक्यात सहा-सात पांढरे कागद एकामागं एक उभे, पाठीमागं दिवा. सगळ्यात मागचा कागद कोराच. त्याच्यापुढचा थोडा कोरलेला, आणि पुढं येऊ तसं भोक मोठं होत जातं. उजेडाच्या वाटेत एकच कागद आला तिथं लख्ख, सगळे आले तिथं अंधार. दिवा बंद केलास की पांढऱ्यावर पांढरं, लग्नाच्या महागड्या पत्रिकेसारखं.

विषय शोधावा लागलाच नाही. अजिंक्यताऱ्याच्या पश्चिमेच्या तटावर आपण थंडीत बसायचो, आठवतंय ना? जवळची सोंड काळीकुट्ट, तिच्यामागची रांग जरा फिकी, त्यामागची आणखी फिकी, आणि शेवटची आभाळात मिसळलेली. तिथं मधली हवा आणि धूळ मावळतीचा उजेड पसरवते आणि लांबचा डोंगर फिका करते. खोक्यात कागद उजेड अडवतो आणि जवळचा काळा करतो. कारण उलटं, पण डोळ्याला दिसतं तेच. आपल्याकडचे डोंगर मुळात थरांचेच, सपाट माथ्याचे, एकामागं एक रचून ठेवल्यासारखे. (तुमच्या नागपुरात एका टेकडीला लोक हिल्स म्हणतात, तिथं या कलेचं अवघडच आहे.)

आता कागदाचं. पोरांबरोबर करून बघायचं म्हणालास म्हणून सविस्तर लिहितो. पहिल्यांदा मी झेरॉक्सचा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद घेतला. पावसाळ्यात त्याचा पापड झाला, उभा राहीना. मग ईर्ष्येनं ३०० चं कार्डशीट आणलं. ते कापताना कोपरे फाटत होते आणि उजेड असा अडायचा की दुसऱ्या थरालाच सगळा काळोख, पुढच्या चार थरांची मेहनत पाण्यात. मोती चौकातल्या दुकानात एक-एक शीट मागत फिरलो तेव्हा कुठं १८० वर येऊन थांबलो. पण माझं ऐकू नकोस, जिना करून बघ. एकाच कागदाच्या सात पट्ट्या काप, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा दोन बोटं आखूड, आणि एका बाजूनं जुळवून दिव्यासमोर धर. पायऱ्या दिसतील. ज्या पायरीनंतर पुढची पायरी ओळखू येत नाही, तेवढेच थर घालायचे. माझ्या कागदाला सहाव्यानंतर फरक दिसेना. सातवा मी तरी घातलाय; तो का ते खाली येईल.

कोरायला साधा जाड कटर चालत नाही. पेनासारखा धरायचा बारीक चाकू घे, ३० अंशाच्या पात्याचा, आणि पाती भरपूर आण. टोक बोथट झालं की कागद कापला जात नाही, ओढला जातो, आणि डोंगराच्या धारेला लव फुटल्यासारखी दिसते. दिव्यापुढं ती लव लपत नाही. वळण कापताना हात फिरवू नकोस, कागद फिरव. आतलं बारीक आधी, बाहेरचं मोठं शेवटी. उलट केलंस तर कागदाचा जीव गेलेला असतो आणि बारीक काम करताना तो पात्याबरोबर हलतो. माझं आणखी एक त्रांगडं. तू बाकावर माझ्या उजव्या हाताला बसायचास, तर माझं कोपर तुला लागायचं नाही, कारण लिहायला मी डावा. पोलादी पट्टी मात्र उजव्यांसाठीच केलेली, मला आकडे नेहमी उलट्या बाजूनं वाचावे लागतात.

खरी डोकेफोड म्हणजे कोरल्यावर काय खाली पडेल याचा अंदाज. प्रत्येक तुकडा कुठंतरी चौकटीला धरून पाहिजे. आपण कुडाळजवळ पिंगुळीला गेलो होतो, ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या बघितल्या होत्या. पडद्यामागं दिवा, बाहुलीला टोचलेल्या भोकांतून दागिने चमकत होते, आणि तू म्हणालास की हे भोकांचं चित्र आहे. तेव्हा मी हसलो होतो. आता रोज तेच करतो. चंद्र कोरला तर भोक पडतं, ते ठीक. पण पुढच्या थरात मोकळा पक्षी हवा असेल तर त्याला टेकायला फांदी लागते, म्हणून माझा एकही पक्षी उडत नाही, सगळे बसलेले आहेत.

अक्षरांत मात्र आपली लिपी जिंकते. शिरोरेषा चौकटीच्या दोन्ही बाजूंना जोडली की अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी लटकतात. ब चं पोट, व चं पोट, सगळं बिनधास्त कापता येतं. फसवतो तो अनुस्वार. पहिल्या खोक्यात खाली नाव घालायला गेलो, टिंब अधांतरी, पात्याच्या टोकाबरोबर निघून सतरंजीत गेलं आणि किल्ल्याचा 'अजिक्यतारा' झाला. दुसऱ्या वेळी टिंब शिरोरेषेला चिकटवूनच काढलं. ऱ्हस्व-दीर्घाला बाई मारायच्या, या टिंबाला काय म्हणाल्या असत्या कुणास ठाऊक.

आणि आता फळीवरच्या त्या खोक्याची गोष्ट, जी तुला सांगायचीच आहे. पेन्सिलीच्या रेघा पुढून दिसू नयेत म्हणून चित्र कागदाच्या मागच्या बाजूला काढतात. म्हणजे ते आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं. मी विसरलो. दीड महिना कोरलं, फ्रेम केली, दिवा लावला, घरात सगळ्यांनी वा वा केलं. मग आई आली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला सगळं जास्तच दिसतं. म्हणाली, "सज्जनगड हितं कधी आला?" पश्चिमेला तोंड करून बसलं की सज्जनगड डाव्या हाताला, यवतेश्वर उजव्या हाताला. माझ्या खोक्यात उलटं झालं होतं. जन्मभर या गावात राहिलेला मी, मला सहा आठवडे कळलं नाही.

आणि तुलाही नाही. तीनदा बघितलंस. तू म्हणशील, कॅमेऱ्यानं उलटं दाखवलं असेल. तसं होत नाही. उलटं दिसतं ते ज्याचं त्याला, समोरच्याला सुलटंच दिसतं. "भारी आहे, आपला सज्जनगड ना?" एवढंच म्हणालास. मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. मग स्वतःचं आठवलं आणि गप्प बसलो.

तुला पाठवलंय ते सुलटं आहे.

विजेचं थोडक्यात. पहिल्यांदा घरातला जुना झिरोचा बल्ब आत ठेवला. नावाला झिरो, खातो पंधराएक वॅट, आणि दोन तासांत वरची कड तांबूस झाली. कागदाच्या खोक्यात असला तापणारा बल्ब कधीच नको. एलईडीची पट्टी घे, पिवळसर, ३००० केल्विनची. पांढरी लावलीस तर डोंगरावर दवाखान्याचा उजेड पडतो. पट्टी पाठीला चिकटवायची नाही, दिव्यांचे ठिपके दिसतात. ती चौकटीच्या आतल्या कडेनं चारी बाजूंनी फिरवायची, तोंड आत. ए-फोर खोक्याला साधारण १ मीटर लागते. पाठ पांढरी ठेवायची आणि कोऱ्या कागदामागं एक ट्रेसिंग पेपर. उजेड पाठीवर आपटून मगच पुढं येतो. थरांच्या मध्ये ५ मिलिमीटरच्या सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या बोर्डाच्या) पट्ट्या. फेव्हिकॉल लावू नकोस, त्यातल्या पाण्यानं कागद लाटा धरतो, दुहेरी टेप. पुढं काच लावायचीच, चकाकली तरी. नाहीतर धूळ आणि कसर.

मध्यंतरी कासचं पठार करायला गेलो आणि सपशेल आपटलो. सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, ही फुलं म्हणजे सगळी रंगाची माणसं. पांढऱ्या कागदात त्यांचं गवत झालं. पंधरा दिवस घातले, मग पोरीला वहीला कव्हर घालायला दिलं.

आता तुझ्या खोक्याबद्दल. मागच्या रांगेवर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आहेत. आपल्या लहानपणी नव्हत्या, पण आता त्या नाहीत असं कसं दाखवू? पात्याची रुंदी १ मिलिमीटरच्या आतली. डावीकडून तिसरीला दोनच पाती आहेत. तिसरं काचेखाली कुठंतरी पडलेलं असेल, मोजत बसू नकोस.

सगळ्यात पुढचा, सातवा कागद म्हणजे तट. त्यावर आपण दोघं पाठमोरे बसलेले कोरले होते. छान जमले होते, तुझा तो फुगलेला शर्टसुद्धा. दिवा लावून बघितलं तर एखाद्या बँकेच्या कॅलेंडरसारखं दिसायला लागलं, म्हणून कापून टाकले. आता नुसता तट आहे आणि त्यातल्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठीची भोकं. आपण टेकायचो ते झाड मात्र पाहिजे होतं. ते आता तिथं नाही. पडलं की तोडलं, कुणी सांगेना. मला आठवतं ते उंबराचं, आपल्या डाव्या अंगाला. पण डाव्या-उजव्याबाबत माझा भरवसा किती, ते तुला आता कळलंच आहे. आईला विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही तिथं बसायचात हे मला आत्ता कळतंय."

म्हणून सातवा कागद चिकटवलेला नाही. मागचे चार स्क्रू काढलेस की काच आणि तो कागद हातात येतो. पार्सलात त्याच मापाचे दोन कोरे कागद, एक चाकू आणि पाच पाती घातली आहेत. झाड तू कोर. उंबर की पिंपळ, डावीकडं की उजवीकडं, तुझं तू ठरव आणि मला फोटो पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. कंदी पेढे खोक्याच्या खाली आहेत, वर ठेवले तर तूप कागदाला लागेल म्हणून.

तुझाच,
डावखुरा

ता. क. तुझ्या खोक्यातली पट्टी ५ व्होल्टची आहे, मोबाइलच्या चार्जरवर चालते. घरातला जुना राउटरचा अडॅप्टर लावू नकोस, तो बहुतेक १२ चा असेल. आणि चित्र कागदाच्या मागच्या बाजूला काढायचं, उलटं.